नागपूर की जर्मनी? त्याआधी 'आधी कुठे' ते ठरवा

समजा, ती नागपूरच्या धरमपेठेतली, भारतीय नागरिक; तो जर्मनीतल्या लाइपझिगचा, जर्मन नागरिक. दोघंही शिकलेले, दोघांनाही नोकरी, लग्न ठरलेलं. आता घरात प्रश्न एकच: राहणार कुठे? मग पगारावर बोलणं होतं, थंडीवर होतं, 'आईबाबांचं कसं' यावर होतं, 'तिकडे कणीक मिळते का' इथवर येतं आणि थांबतं. सगळे मुद्दे खरे असतात, पण त्यांतून उत्तर काही निघत नाही.

याचं कारण प्रश्न मांडण्यात आहे. 'कोणता देश' असं विचारलं की दोघांपैकी एकाला हरावं लागतं. 'आधी कोणता देश' असं विचारलं की निम्मा गुंता सुटतो. दोन्ही देशांची दारं वेगवेगळ्या मुदतीनं उघडतात आणि वेगवेगळ्या मुदतीनं बंद होतात. क्रम नीट लावला तर काही वर्षांनी दोघांनाही दोन्हीकडे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो. क्रम चुकला तर दर वेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात.

दोन घड्याळं

पहिलं घड्याळ भारताचं. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क) मिळू शकतं. अट अशी की लग्न नोंदलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. ही दोन वर्षं भारतातच काढायला हवीत असं नाही. लाइपझिगला राहूनही हे घड्याळ चालू राहतं. मात्र ते नोंदणीपासून चालतं, हॉलमधल्या अक्षतांपासून नाही. ज्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजी-पणजोबा पाकिस्तानचे वा बांगलादेशचे नागरिक होते, त्याला हे कार्ड मिळत नाही.

दुसरं घड्याळ जर्मनीचं. जर्मन नागरिकाची पत्नी म्हणून ती तिकडे गेली की तिला मुदतीचा वास्तव्य परवाना मिळतो आणि पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. तीन वर्षं असा परवाना हातात असेल, संसार एकत्र असेल, जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत (ए१ ही सुरुवातीची पातळी, मग ए२, बी१, बी२) आली असेल आणि घरखर्च स्वतःच्या कमाईतून भागत असेल, तर कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. जर्मनमध्ये त्याला नीडरलासुंग्सएरलाउबनिस म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण सगळा डाव त्याच्यावर आहे.

जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं की साधा मुदतीचा परवाना आपोआप रद्द होतो. 'वर्षभर नागपुरात राहून बघू' म्हणून आलेली जोडपी नेमकी इथे फसतात. परत जाताना विमानतळावर कळतं की हातातल्या कार्डावर तारीख शिल्लक आहे, पण परवाना मेलेला आहे. आधीच परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन जास्त मुदत लेखी मागता येते. ती आधी मागायची असते, मागाहून नाही. कायम परवाना हाती असेल आणि जर्मन जोडीदारासोबत संसार चालू असेल, तर सहा महिन्यांचा हा नियम लागू होत नाही. मग नागपुरात पाच वर्षं काढली तरी परतीचं दार उघडं राहतं.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. जानेवारी २०२७ मध्ये लग्न नोंदलं आणि सप्टेंबरमध्ये ती जर्मनीला गेली, तर जानेवारी २०२९ नंतर त्याला ओसीआयचा अर्ज करता येईल आणि २०३० च्या शेवटी तिला कायम परवाना मागता येईल. म्हणजे जेमतेम चार वर्षांत दोघं मोकळे. उलट, नागपूरपासून सुरुवात केली तर त्याला ओसीआय तेवढ्याच वेळात मिळतं, पण तिचं जर्मन घड्याळ सुरूच होत नाही. दहा वर्षांनी जायचं म्हटलं तरी व्हिसा, भाषा, कागद सगळं शून्यापासून. म्हणून फार मोठी अडचण नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पहिली तीन-साडेतीन वर्षं जर्मनी, मग मोकळेपणानं नागपूर.

यात तिच्या बाजूनं एक धोका आहे. तिकडे एकत्र संसाराची तीन वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न मोडलं तर तिचा परवाना साधारणपणे टिकत नाही. त्यानंतर मोडलं तर स्वतंत्र परवाना मिळू शकतो. त्याच्या बाजूनंही तसंच आहे. लग्नामुळे मिळालेलं ओसीआय घटस्फोट झाला की रद्द होतं. तिची पदवी आणि अनुभव चालणारा असेल तर तिनं स्वतःच्या नोकरीवर 'ब्लू कार्ड' (पदवीधर नोकरदारांसाठीचा वास्तव्य परवाना) घेऊन जाणं जास्त बरं. तो हक्क लग्नावर अवलंबून नसतो, आणि बी१ भाषा असेल तर २१ महिन्यांत कायम परवाना मागता येतो.

दुसऱ्या देशांचे आकडे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये जोडीदाराला कायम होण्यासाठी पाच वर्षं लागतात, एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे, आणि कायम झाल्यावर दोन वर्षं बाहेर राहिलं की हक्क जातो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड वर्षाहून जास्त बाहेर राहिल्यावर धोक्यात येतं. त्यामुळे अमेरिकेच्या बाबतीत 'कार्ड घेऊन परत येऊ' हा बेत बहुधा चालत नाही. तिथे एक तर लांबचं राहणं, नाही तर नागरिकत्व.

नागपूर आधी केव्हा

तिची नोकरी सरकारी असेल आणि इतकी लांब रजा मिळत नसेल. आईवडिलांपैकी कुणाचं आजारपण चालू असेल आणि ती एकुलती एक असेल. किंवा त्याचं काम असं असेल की ते कुठूनही होतं. अशा वेळी वरचा हिशेब बाजूला ठेवावा.

त्याला येताना टुरिस्ट व्हिसावर यायचं नाही. भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून 'एन्ट्री' म्हणजे एक्स व्हिसा मागायचा. तो १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर होतो आणि नागपुरात पडताळणी पोलिसांच्या परकीय नागरिक शाखेकडून होते. पोलीस घरी येतात, भाडेकरार आणि विजेचं बिल पाहतात. घर सासरच्यांच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र तयार ठेवावं. १ सप्टेंबर २०२५ पासून यासाठी नवा कायदा लागू झाला आहे, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचताना तारीख बघा.

या व्हिसावर नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही. त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. म्हणजे ओसीआय मिळेपर्यंत घर एका पगारावर चालेल असं धरूनच गणित मांडा. ओसीआय आलं की नोकरी, धंदा, फ्लॅट खरेदी सगळं करता येतं. मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी मात्र नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग घ्यायचं स्वप्न असेल तर ती बाग तिच्याच नावानं, आणि ती भारतीय नागरिक असेपर्यंतच.

म्हणूनच तिनं जर्मन पासपोर्ट घ्यायची घाई करू नये. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, ते जर्मनीच्या बाजूनं. भारत ते मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वतःहून घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, आपण पासपोर्ट जमा केला असो वा नसो. कायम परवाना हातात असेल तर तिला जर्मन पासपोर्टची फारशी गरजही उरत नाही.

कागद: खरी वाट इथे लागते

सप्तपदी झाली, व्हिडिओ आहे, जेवणावळी उठल्या, तरी कायद्यानं लग्न झालेलं नसू शकतं. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात. तसं नसेल तर रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे ती नागपूरची असेल तर ही अट आपोआप सुटते. मग नोटीस द्यायची, ती ३० दिवस फलकावर राहते, आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद. म्हणून हॉल आणि केटरर ठरवण्याआधी नोटिशीची तारीख ठरवा. 'आधी विधी करू, नोंदणी नंतर बघू' असं केलं तर त्याच कायद्याखाली नंतर नोंदणी होते, पण तेव्हा दोघांनीही जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. त्याची तीन आठवड्यांची सुट्टी त्यात बसत नाही.

त्याच्याकडून लागतो तो 'लग्नाला अडथळा नाही' असा दाखला. जर्मनीत तो त्याच्या गावचं नोंदणी कार्यालय देतं आणि तो सहा महिनेच चालतो. गंमत अशी की तो देण्याआधी ते कार्यालय तिचे भारतीय कागद तपासून मागतं. इथे एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे महिने जातात. कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर मारतात तो अपोस्टिलचा शिक्का भारतीय कागदांवर असला तरी जर्मनी मानत नाही. बाकी बहुतेक देशांना तो पुरतो. जर्मनी स्वतःच्या वकिलांमार्फत कागदाची प्रत्यक्ष चौकशी करते आणि त्याला काही महिने लागतात.

ही चौकशी म्हणजे काय, ते जवळून पाहा. जन्मदाखल्यावरचा नोंदणी क्रमांक मनपाच्या रजिस्टरशी जुळतो का. शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख तीच आहे का. टीसीवर नाव कसं लिहिलंय. आपल्याकडे तीन ठिकाणी तीन प्रकार सापडणं नवल नाही. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, फक्त आईवडिलांचं. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात. जर्मन कारकुनाला यातून दिसतं ते असं की या बाईचं दुसरं नाव पुरुषाचं आहे. त्याचा दोष नाही, त्यांच्याकडे मधलं नाव वडिलांचं नसतं.

म्हणून लग्न ठरताच पहिली फेरी मनपाच्या झोन कार्यालयात मारा. जन्मदाखल्याची नवी संगणकीकृत प्रत घ्या, नाव नसेल तर नोंदवून घ्या, स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एका कागदावर 'राव'सह आणि दुसऱ्यावर 'राव'शिवाय असेल तर तेही दुरुस्त करा. आणि लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर व्हिसाचं काम संपेपर्यंत थांबा. अर्ध्या कागदांवर माहेरचं आणि अर्ध्यांवर सासरचं नाव, यासारखा वेळखाऊ प्रकार दुसरा नाही.

तिच्या बाजूनं दुसरी तयारी भाषेची. जोडीदार व्हिसासाठी साधारणपणे ए१ प्रमाणपत्र लागतं. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची परीक्षा १०० गुणांची, पास व्हायला ६०. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग. नागपूरकरांना परीक्षेसाठी बहुधा पुण्या-मुंबईचं मॅक्सम्युलर भवन (गोएथेचं भारतातलं नाव) गाठावं लागतं, जागा लवकर भरतात. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास दिले तर तीन-चार महिन्यांत होतं. ऐकण्याच्या भागाचा सराव सगळ्यात जास्त करा, बहुतेक जण तिथेच अडखळतात. तिकडे गेल्यावर ६०० तासांचा भाषेचा सरकारमान्य वर्ग असतो, तो बी१ पर्यंत नेतो. नोकरी लागली म्हणून तो अर्धवट सोडू नका. तीन वर्षांनी कायम परवाना त्याच प्रमाणपत्रावर अडतो.

कुणाचा पेशा प्रवास करतो

पगाराची तुलना करण्याआधी हे विचारा. सॉफ्टवेअरवाल्याला नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातही काम आहे आणि लाइपझिगलाही. नर्सला जर्मनीत मागणी आहे, पण पदवीची मान्यता आणि बी२ च्या आसपासची भाषा लागते. वकिलाची सनद सीमेवरच संपते. शिक्षिकेचं बीएड तिकडे जवळजवळ पहिल्यापासून तपासलं जातं. ज्याचा पेशा प्रवास करत नाही, त्याच्या देशाला जास्त वजन द्या. नाही तर एक माणूस चाळिशीत नव्यानं सुरुवात करतो आणि त्याचं ओझं संसारावर येतं.

'तो नागपुरातून जर्मन कंपनीचं काम करेल' हा तोडगा ऐकायला सोपा आहे. वेळेचं जमतं, कारण फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा. सकाळी जेवून दुपारी एकच्या सुमारास बसायचं, रात्री दहाला उठायचं. अडचण कंपनीच्या बाजूनं येते. कर्मचारी भारतात कायम बसला तर कंपनीची भारतात करदायी शाखा झाली असं धरलं जाऊ शकतं, आणि सामाजिक विमा कुठल्या देशात भरायचा हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून आहे. कंपनीनं स्वतः पाठवलेल्या माणसाला त्याखाली ४८ महिन्यांपर्यंत जर्मन विम्यातच राहता येतं. स्वतःच्या मर्जीनं आलेल्याला तसं गृहीत धरता येत नाही. कंपनीकडून लेखी होकार आल्याशिवाय घर हलवू नका.

आईवडील

इथे दोन देश अजिबात सारखे नाहीत. जर्मन नागरिकाचे भारतीय सासूसासरे जर्मनीत राहायला जाऊ शकत नाहीत, अगदी मोजके अपवाद सोडले तर. त्यांना शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. म्हणजे आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे सहा महिने ठेवायचं, हे होत नाही. लेकीला यावं लागतं. याचाच अर्थ, म्हातारपण जवळ आलेले आईवडील नागपुरात असतील तर तिचा कायम परवाना जास्तच मोलाचा ठरतो, कारण तो हातात असताना ती सहा महिन्यांची चिंता न करता इथे राहू शकते.

त्याच्या आईवडिलांचाही विचार कुणी तरी करावा. आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. तिकडे म्हातारपणच्या शुश्रूषेसाठी विमा आहे, वृद्धाश्रमाला कुणी नाक मुरडत नाही, पण एकुलता एक मुलगा नागपुरात असेल तर त्यांच्या दवाखान्याचे कागद कोण बघणार?

मुलं

बाळ नागपुरात झालं आणि आई भारतीय, वडील रीतसर व्हिसावर असतील, तर ते जन्मानं भारतीय. वडिलांमुळे ते जर्मनही असतं. दोन्ही पासपोर्ट एकत्र बाळगणं मात्र भारताला चालत नाही. बाळ जर्मनीत झालं तर भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. त्यामुळे बहुतेक घरं मुलासाठी जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असा जोड घेतात. तो सोयीचा आहे.

देश बदलण्याचं वय महत्त्वाचं. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाट फुटते: पुढे विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियुम, की दुसरी शाळा. नऊ-दहा वर्षांचं मूल नागपुरातून थेट तिथे नेलं तर अर्धवट जर्मनवर त्याची निवड होते. त्यामुळे जायचं तर सहाव्या वर्षाआधी. उलट्या दिशेनं, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सर्व बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. बारा वर्षांच्या मुलाला देवनागरी पहिल्यांदा दिसली तर ते रडकुंडीला येतं. घरात आई मराठीच बोलत असेल आणि बाराखडी लहानपणी झाली असेल तर प्रश्न येत नाही.

नको असलेली, पण बोलून ठेवायची गोष्ट: १९८० च्या बालअपहरणविषयक हेग करारात जर्मनी आहे, भारत नाही. भांडणानंतर एकानं मूल दुसऱ्याच्या संमतीशिवाय देशाबाहेर नेलं, तर ते परत आणायचा ठरलेला मार्ग भारताच्या बाबतीत नाही. स्वतंत्र कोर्टकचेरी करावी लागते.

कर, थोडक्यात

एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस भारतात राहिलं की आपण करासाठी रहिवासी. नोकरीसाठी जाणारी व्यक्ती २८ सप्टेंबरपर्यंत निघाली तर १८१ दिवस होतात आणि त्या वर्षी ती अनिवासी ठरते. पत्नी म्हणून जाणाऱ्याला ही सवलत नाही, तिला ६० दिवसांचा कडक नियम लागू शकतो, म्हणजे त्या वर्षी भारतात ६० दिवस राहिली तरी ती रहिवासी ठरू शकते. गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी व्यक्तीचं खातं) करून घ्या. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. तो नागपुरात आला तर पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या जर्मनीतल्या भाड्यावर किंवा व्याजावर साधारणपणे इथे कर लागत नाही.

राहून बघायचं तर कधी

त्यानं डिसेंबरात येऊ नये. हिरवळ, गार हवा, रस्त्यावर संत्र्यांचे ढीग, संध्याकाळी फुटाळ्याची चक्कर, यावर कुणीही भाळेल. मेमध्ये यावं, निदान सहा आठवडे. नवतपात पारा ४५ च्या पुढे असताना, कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरत, दुपारी बारा ते पाच घरात बसून काम होतं का ते कळू द्यावं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, हे त्याला सांगून ठेवावं.

तिनंही जूनमध्ये जाऊ नये. नोव्हेंबरच्या शेवटी जावं, जेव्हा दुपारी चारनंतर दिवस मावळतो आणि रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात. शेंगेन व्हिसाचे ९० दिवस यासाठी पुरतात. त्या मुक्कामात एकदा त्याच्या शहराच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आणि नोंदणी कार्यालयात दोघांनी मिळून जावं, आणि लागणाऱ्या कागदांची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी. प्रत्येक शहराची यादी थोडी वेगळी असते, आणि मनपाच्या झोन कार्यालयातली फेरी त्या यादीप्रमाणेच मारायची असते.